मधली भिंत नसती तर

आमचं घर बघायला आलेल्या पहिल्या माणसाचं नाक ह्यांनी फोडलं. घर बघायला येणारे नाक मुरडतातच, त्यात नवीन काही नाही. पण ह्या गृहस्थाने खिशातून किल्ली काढली आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर लांबलचक ओरखडा ओढला. खाली थोडी पूड पडली. "नुसती वाळू आहे," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही. मी स्वयंपाकघरातून धावत आले तर तो जमिनीवर बसलेला, ओंजळीत रक्त, आणि आमचे हे शांतपणे भिंतीवरचा ओरखडा अंगठ्याने पुसताहेत.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडले.

"त्यानं आधी हात टाकला," हे म्हणाले.

आता भिंतीवर हात टाकणं आणि माणसावर हात टाकणं ह्यात फरक असतो, पण तो ह्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. जन्मभर कारखान्याच्या लोहारखान्यात घण चालवला ह्यांनी. सुट्टीच्या दिवशी लोक झोपा काढायचे, हे विटा रचायचे. खालच्या दोन खोल्या आधी झाल्या, मुलगी मोठी झाली तेव्हा त्यांच्यावर तिच्यासाठी एक खोली चढवली. मुलगी लग्न होऊन गेली, वरची खोली राहिली. मग कारखाना बंद पडला. आधी म्हणाले तात्पुरता, मग गेटला साखळी आली. आमच्या गल्लीत दर दोन घरं सोडून 'विकणे आहे' अशी पाटी लागली, आणि रंग उडाला तरी एकही पाटी खाली उतरली नाही.

मी शिवणकाम करते. करत होते म्हणा. नवे कपडे शिवायला कोणी येईना. जुन्याचे उसवलेले टाके घालून द्या, एवढंच. माझी धाकटी बहीण लांबच्या शहरात असते. तिच्या दुकानाला लागून एक गाळा रिकामा होता, मागे राहायला खोली. तिने मालकाच्या हातापाया पडून तो आमच्यासाठी धरून ठेवला होता, पण हिवाळा संपेपर्यंतच. घर विकलं तर गाळा. नाही विकलं तर आम्ही दोघं इथेच, समोरासमोर.

आणि मला त्याचीच भीती होती. कारखाना बंद झाल्यापासून ह्यांचे हात घरात मावत नव्हते. कपाटाचं दार लागत नाही म्हणून लाथेने दार तोडलं. नळ गळतो म्हणून नळच उपटला. एकदा माझ्यावर हात उगारला. तो उगारलेलाच राहिला, कारण माझ्या हातात कापडाची कात्री होती आणि मीही काही गरीब गाय नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मला स्पष्ट दिसलं की अजून एक वर्ष ह्या घरात काढलं तर आमच्यातलं एक जण दुसऱ्याला मारून टाकणार. म्हणून मला घर विकायचं होतं. पैशाची हाव नव्हती. मला नवरा जिवंत हवा होता आणि मी स्वतःही.

नाक फुटल्यावर एजंट कपाळाला हात लावून बसला. त्या गृहस्थाने पोलिसांत जाऊ नये म्हणून त्याने बरीच मनधरणी केली आणि मग आम्हाला दम भरला. "वहिनी, पुढचं गिऱ्हाईक येईल तेव्हा साहेबांना मागच्या अंगणात ठेवा. जमलं तर बांधून."

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे एक चष्मेवाला. सभ्य, बारीक, हळू बोलणारा. त्याने किल्ली वगैरे काढली नाही. सगळ्या खोल्या बघितल्या, मान डोलावली, आणि जाता जाता म्हणाला, "घर चांगलं आहे हो. फक्त ओटा फार बुटका. बायको उंच आहे माझी."

तो कोपऱ्यावर वळलाही नसेल, तेवढ्यात अंगणातून हे आले आणि ओट्यावर घण घातला. दगडाची चीप उडून माझ्या कोपरात घुसली. मी हात धरून किंचाळतेय, आणि हे म्हणताहेत, "बाजूला हो, लागेल तुला." लागलंच होतं! चार दिवस तोडफोड, विटा, सिमेंट. शेवटी ओटा एवढा उंच झाला की मला पोळपाटाशी टाचा उचलून उभं राहावं लागे.

चष्मेवाला परत आला. ओट्याचं कौतुक केलं. एजंटने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "भाव जरा उतरवा वहिनी, दिवस काय आहेत बघताय ना." मी उतरवला. चष्मेवाला जिन्याकडे बघून म्हणाला, "हा मात्र अरुंद आहे."

जिना फोडताना ह्यांच्या तळहातातून खिळा आरपार गेला. मी दवाखान्यात चला म्हणून गळा काढला. ह्यांनी पकडीने खिळा उपसला, फडकं गुंडाळलं आणि त्याच हाताने कठडा ओढून काढला. फडक्यातून रक्त गळत होतं, पायऱ्यांवर ठिपके पडत होते, आणि हे कधी नव्हे ते गुणगुणत होते. खरं सांगते, त्या दिवसांत ह्यांनी माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नाही. हातांना काम मिळालं होतं. मी मनातल्या मनात त्या चष्मेवाल्याला दुवा देत होते, आणि भाव आणखी उतरवत होते.

तिसऱ्या वेळी तो बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभा राहिला. इकडे बघ, तिकडे बघ. आता ह्याला नाव ठेवायला जागा उरली नाही, असं माझ्या मनात आलं. त्याने चष्मा पुसला आणि उसासा सोडला.

"ही मधली भिंत नसती तर," तो म्हणाला, "दोन्ही खोल्यांची एक मोठी खोली झाली असती. मग उद्याच विसार दिला असता."

अंगणाकडची खिडकी उघडी होती. खिडकीत हे उभे होते.

तो गेल्यावर मी आधी घणावर जाऊन बसले. अक्षरशः बसले. "डोकं ठिकाणावर आहे ना? त्या भिंतीवर वरची खोली उभी आहे. तुम्हीच उभी केलीत."

"मला शिकवू नकोस. भंगारवाला गर्डर देतोय. तो येईपर्यंत लाकडाचे टेकू लावायचे. भिंत काढायची, गर्डर चढवायचा. लोहारखान्यात ह्याच्या दुप्पट वजनं पेलली आहेत."

"आधी विसार. विसार हातात पडल्याशिवाय भिंतीला बोट लावायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

ह्यांनी भिंतीवर दोनदा थाप मारली. मग म्हणाले, "बरं. तू सकाळी जाऊन विचार एजंटला. पण लवकर ये."

सकाळी मी पिशवी उचलली आणि एजंटच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "दादा, चहा गार होतोय तुझा." मी डोकावले. स्वयंपाकघरात बनियनवर, एक पाय खुर्चीवर घेऊन, चष्मेवाला बसला होता. तो आमच्या एजंटचा सख्खा मेहुणा!

मला बघून त्याचा कप हिंदकळला. मोरीतून एजंट बाहेर आला, अर्ध्या तोंडाला साबण, हातात वस्तरा.

"वहिनी, रागावू नका. ही धंद्याची रीत आहे," तो म्हणाला. "मंदीत सगळेच असं करतात. घरमालकाला स्वतःचं घर म्हणजे राजवाडा वाटतो. आधी दोनतीनदा घरचाच माणूस पाठवायचा, त्यानं खोड्या काढायच्या. मालक जमिनीवर आला की मग खरं गिऱ्हाईक दाखवायचं."

"आणि मधली भिंत?"

"शेवटी अशी खोड काढायची की जी कोणी दुरुस्त करूच शकत नाही. म्हणजे मालक गप्प होतो." तो साबणातून हसला. "खरं गिऱ्हाईक तयार आहे वहिनी. पहिल्यापासून आहे. अजून थोडं खाली या, पुढच्या आठवड्यात व्यवहार करून टाकू."

पहिल्यापासून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओटा, जिना, ह्यांच्या हाताला पडलेलं भोक, सगळं डोळ्यांसमोर आलं. शेजारचं स्टूल उचलून मी एजंटच्या गुडघ्यावर घातलं. तो कोलमडला, वस्तरा त्याच्याच गालावरून फिरला आणि साबण लाल झाला. त्याची बायको किंचाळायला लागली. मेहुणा मागच्या दाराकडे सरकत होता. मी चहाचं आधण त्याच्या अंगावर उलटं केलं. तो "मेलो, मेलो" म्हणत वाकला, तसं मी त्याचं बनियन मुठीत पकडलं आणि पिशवीतली कात्री काढून बरगडीला लावली.

"चल. त्यांच्या तोंडावर सांग तू कोण आहेस ते."

मी सांगितलं असतं तर ह्यांचा विश्वास बसला नसता. भिंत वाचवायला मी बनाव रचला म्हणाले असते. म्हणून त्याला मी भर रस्त्यातून ओढत नेलं, छातीवर भाजलेला, अनवाणी, चष्मा एका कानावर लोंबतोय. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. कोणी मधे पडलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मला घणाचे ठोके ऐकू आले.

मी धावले. तोही धावला, बनियन माझ्या हातात होतं ना. दार उघडलं तर आत धूळच धूळ. मधली भिंत जवळजवळ गेली होती, एका कोपऱ्यात खांबाएवढा तुकडा तेवढा उभा. छताखाली चार लाकडी टेकू. गर्डरचा पत्ता नव्हता. भंगारवाल्याने दुपारचा वायदा केला होता म्हणे, आणि ह्यांना धीर निघाला नव्हता. शपथेला विचारतो कोण.

हे वळले. माझ्याकडे बघितलंच नाही, मागे उभा असलेला चष्मेवाला बघितला. आणि हसले. कारखाना बंद झाल्यापासून मी ते हसू पाहिलं नव्हतं. दात दिसले, डोळे बारीक झाले, लग्नात दिसत होते तसे दिसले हे.

"आलात?" हे म्हणाले. "बघा, केवढी खोली झाली!"

मी त्याला आत पुढे ढकललं आणि कात्री टोचली. "बोल."

"अहो, ऐका, मी..." चष्मेवाला म्हणाला.

"एक मिनिट. एवढं एक राहिलंय."

ह्यांनी घण खांद्यामागे नेला. जोरात, ऐटीत, माणूस पाहुण्यासमोर नेतो तसा. मागचा टेकू घणाच्या टप्प्यात होता. घणाचं डोकं त्याच्यावर बसलं आणि टेकू निसटला.

छत एकदम आलं नाही. आधी एक कट्ट आवाज झाला, हे वर बघायला लागले, आणि मग वरची खोली खाली आली. मी दारात होते म्हणून उंबऱ्यावर फेकली गेले. कानात शिट्टी, तोंडात चुना. कोणीतरी ओरडत होतं. तो चष्मेवाला होता. त्याचं एक पाऊल तुळईखाली चिरडून चपटं झालं होतं.

हे छातीपर्यंत सिमेंटखाली होते. एक हात बाहेर, तोच, भोक पडलेला. चेहरा पिठात घोळल्यासारखा पांढरा आणि ओठांच्या कडेने रक्ताची धार. मी नखांनी विटा उपसायला लागले. त्या हलेनात.

"त्यांना लागलं का गं?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"पसंत पडली का खोली?"

खरं माझ्या जिभेवर होतं. ते ऐकवायला तर मी त्या माणसाला फरफटत आणलं होतं. मी चष्मेवाल्याकडे सरपटत गेले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "पसंत आहे म्हण." तो नुसता पाय, पाय करत रडत होता. मी त्याच्या चिरडलेल्या पावलावर हात ठेवला आणि दाबला. आजही सांगते, मला काहीच वाटलं नाही.

"पसंत आहे!" तो किंचाळला. "घर पसंत आहे! घेतलं!"

हे थोडा वेळ नुसते श्वास ओढत राहिले. प्रत्येक श्वासाला घशात घरघर. "पहिला भाव," हे म्हणाले. "त्याच्या खाली नाही येणार."

मी पुन्हा हात ठेवला, पण दाबावा लागला नाही.

"दिला," चष्मेवाला म्हणाला. तो आता वेगळंच रडत होता. "तुम्ही म्हणाल तो भाव दिला साहेब. असं घर मी बघितलं नाही."

"मग विसार?"

त्याच्या अंगावर खिसासुद्धा नव्हता. त्याने बोटातली अंगठी ओढली. ती निघेना, तशी दाताने सैल करून काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती ह्यांच्या तळहातावर ठेवली. हळूहळू एकेक बोट मिटलं. मी ह्यांच्या कपाळावरची धूळ पदराने पुसत होते आणि म्हणत होते, झालं, झालं हो, आता आपण जाऊ. मला गाळा नको होता, काही नको होतं, फक्त ह्यांनी अजून एकदा श्वास घ्यावा एवढंच हवं होतं. ह्यांनी तो घेतला नाही.

गल्लीतले लोक पहारी घेऊन आले, तेव्हा दुपार झाली होती. ह्यांना बाहेर काढल्यावर कोणीतरी ती मूठ उघडायला बघत होतं. मी त्याचा हात झिडकारला.

"राहू दे," मी म्हणाले. "सौदा झालाय त्यांचा."