साडीच्या घडीखालचा कागद

"मामाजी, ही साडी किती एकराची?"

प्रश्न खरं तर मेघा आणि चारुलताचा. मामा आज आईसाठी साडी आणि सहीचा कागद घेऊन येणार, हे दामिनीनं सांगितलं, तेव्हा ती घरी असं विचारूच शकत नाही, अशी त्या दोघींनी शाळेच्या व्हरांड्यात पैज लावली होती. त्यांचंही चुकलं नव्हतं. दिवाळीपर्यंत ही पोरगी हजेरीलासुद्धा कुजबुजायची. पण आज परिपाठात तिनं साऱ्या शाळेसमोर प्राचीन इराणचा सण समजावून सांगितला होता. सेपंदारमज्गान. प्रेमाचा, बायांचा आणि धरतीचा एकच दिवस. पुरुषांनी बायांना भेटवस्तू द्यायच्या आणि त्या म्हणतील ते ऐकायचं. माईक दोनदा बंद पडला, दामिनी एकदाही नाही.

शाळेतून नागपुरातल्या हुडकेश्वरला घरी आली, तर सण हॉलमध्येच मांडलेला. कुही गावचे रुपराव मामा मुद्दाम गांधीबागेच्या कापडबाजारातून वळसा घेऊन, बहिणीसाठी जांभळी साडी घेऊन आले होते. घडीखाली हक्कसोडपत्र होतं. आजोबांच्या सहा एकर धानाच्या शेतात आईचा अर्धा हिस्सा. तो तिनं भावासाठी राजीखुशीनं सोडायचा. आज मसुद्यावर सही, सोमवारी रजिस्ट्री, की माहेर जन्मभर पक्कं. त्या घरातल्या सगळ्या लेकींनी अशाच साड्या नेसल्या होत्या. इराणी लोकांना हा भाग सुचलाच नव्हता बिचाऱ्यांना.

प्रश्न ऐकून मामांनी चहाचा कप खाली ठेवला. बाबांना, म्हणजे मधुसूदनरावांना, भर फेब्रुवारीत पंख्याचं बटण तपासावंसं वाटलं.

"पोरीले लयच शिकवून राहिली तू, वंदना," मामा म्हणाले.

आईच्या हातात पेन होतं. तिनं ते कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"दादा, माहा हिस्सा कुठून कुठवर आहे गा?"

"तुले काय करायचं आहे ते? सारं माहेर तुहंच आहे."

"तरी सांग ना."

मामांना सांगता येईना. वाटणी करायची वेळच कोणावर आली नव्हती, तर रेघ कुठून दिसणार! आईनं पेनाला टोपण लावलं आणि विचार करून कळवते म्हणाली. मामांना एकाएकी कुहीची बस आठवली. जेवण राहिलं, चहा राहिला. साडी मात्र ते विसरले नाहीत.

मेघाला फोन करून पैज जिंकल्याचं सांगायचं, म्हणून दामिनी नाचतच उठली. पण आई फाटकाशी उभी होती, भाऊ वळणावरून दिसेनासा झाला तरी. आता भाऊबीजेला कोणाकडे जायचं, हे तिनं कोणालाच विचारलं नाही. बाबांनी मात्र ऑफिसातली फाईल निपटावी तसा तोडगा काढला: उद्या फोन कर, सही करून टाक, नात्यापुढं तीन एकर म्हणजे काय. जमीन बायकोची असली की बाबांचं मन फार मोठं होत असे.

फोन टेबलावर ठेवून दामिनी दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"परीक्षा संपली की मी कुहीले जाऊन राहणार. मामाजींनी दार नाही उघडलं, तर ओसरीत बसीन. आईचा हिस्सा कुठून कुठवर आहे, ते मी धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून चालून पाहणार. तोवर आई, तू कशावरच सही करायची नाही."