शेवटची बॅच

पेनाचं टोपण घरंगळत टेबलाच्या काठाशी गेलं आणि तिथेच अडलं — पडेल पडेल म्हणताना पडलं नाही — आणि नीरजा त्याच्याकडेच बघत राहिली, कारण नजर उचलली की समोर चौकशी समितीचे तिघे होते आणि त्यांच्या पुढ्यात टाइप केलेला माफीनामा, फक्त तिच्या सहीवाचून राहिलेला. खिडकीबाहेर निजामपुऱ्यातले कापडाचे लूम खडखडत होते. एकोणीस वर्षं याच आवाजात तिने रसायनशास्त्र शिकवलं होतं. आज तो पाण्याखालून आल्यासारखा येत होता, आणि खोली, पंखा, तिघांचे चेहरे, सगळं त्या पाण्यात मंद हलत होतं.

"दोनच तर ओळी आहेत, मॅडम," विद्यापीठातून आलेले अध्यक्ष शरच्चंद्र सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "विधान अनवधानाने झालं, खेद आहे. निलंबन मागे. सोमवारी वर्गावर."

सोमवारी वर्गावर... सकाळी तिचा नवरा, अनिमेषही हेच म्हणाला होता, "करून टाक सही. आपल्या सईचं बारावीचं वर्ष आहे." अनिमेषचं काय चुकलं होतं? आणि विधान तरी केवढंसं — विद्यापीठाच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची तिसरी बॅच जात बघून लावतात. उरलेल्या वेळात, टोकं फुटलेल्या काचनळ्यांवर.

बोलताना डोळ्यांपुढे त्या बॅचमधली मृणाली होती. अंबाडीहून येणारी, गाडी चुकेल म्हणून घड्याळ बघत प्रयोग उरकणारी. हात धुताना तिने एकदा विचारलं होतं, "मॅडम, आमचीच बॅच नेहमी शेवटी का हो?" आणि नीरजा मान वर न करता म्हणाली होती, "आडनावाप्रमाणे लागते यादी, बाळ."

मृणाली हसली होती. "ते तर दिसतंच, मॅडम."

दिवाळीनंतर ती आलीच नाही... तिने विचारलं तेव्हा मी नोंदवहीत काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते मी, की मान वर करता आली नाही?

"कुणी भरीस घातलं तुम्हाला?" सरांशेजारी बसलेल्या समितीतल्या सुचेताबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही."

"मग इतकी वर्षं गप्प का होतात?"

प्रश्न तिला अडकवायला होता. पण तो विचारणारीच्या हातून निसटला आणि नीरजाच्या आत खोल, सावकाश उतरत गेला. तिने कागद ओढला, दोन्ही ओळी खोडल्या आणि लिहिलं — विधान खरे आहे. गेली अकरा वर्षे प्रॅक्टिकलची प्रमुख म्हणून त्या याद्यांवर सही माझी आहे.

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे तुमच्यावरच उलटेल, मॅडम. नोकरी जाऊ शकते. कळतंय ना?"

"हो सर."

"निर्णय कळवू," म्हणत त्यांनी फाइल मिटली.

बाहेर ऊन टळटळीत होतं. नाक्यावर जीपवाला ओरडत होता, "अंबाडी, वाडा! अंबाडी!" ती थांबली. घरी अनिमेषला काय सांगायचं, याचे शब्द जुळत नव्हते. आणि समजा मृणाली भेटली, तर तिला काय म्हणायचं? माफ कर? ...माफी तर ती आत्ताच समितीपुढे खोडून आली होती; इथे मात्र त्या शब्दाशिवाय दुसरा सुचत नव्हता. भीती सकाळसारखीच होती. पण सकाळी ती नोकरीची होती, आता त्या मुलीच्या डोळ्यांची होती — आणि का कुणास ठाऊक, ही भीती नीरजाला कुणी बाहेरून घातलेली वाटेना. ती तिची स्वतःची होती.