सभ्य केलेलं वाक्य

सभागृहात त्याला सगळे टिपकागद म्हणत. अध्यक्षांच्या उंच खुर्चीखाली लघुलेखकांचं टेबल असे, तिथे तो एकतीस वर्षं बसला. त्याच्या हाताचा वेग काही विचारू नका. एकदा म्हणे एका मंत्र्याला भर भाषणात ठसका लागला आणि पुढचं वाक्यच सुचेना. त्याने वाकून टिपकागदच्या वहीत पाहिलं, तर तिथे ते आधीच उतरवलेलं होतं. आता हे खोटं असेलही. पण मंत्र्याने ते वाचून दाखवलं आणि बाकं वाजली, एवढं मात्र खरं.

दहा मिनिटं उतरवून घ्यायचं, मग मागच्या खोलीत जाऊन टाइप करायचं, असं ते काम. आणि टाइप करताना वाक्याला इस्त्री मारायची, ही त्या खोलीची जुनी रीत. सदस्य चिडून काहीबाही बोलत, वाक्यं अर्ध्यावर सोडून देत, एकमेकांचे बाप काढत. तीच वाक्यं त्या खोलीतून आंघोळ करून, भांग पाडून बाहेर पडत. खाली सही असे, ‘वरील कार्यवृत्त खरे व अचूक आहे.’ त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शिंप्याला कोणी विचारतं का, पोट कुठे लपवलंस म्हणून?

इस्त्री न केलेला माल तो घरी आणी. जेवताना बायकोला आणि लेकीला सगळं सभागृह हातवारे करून ऐकवी, वर पदरची थोडी भर घाली. बायको म्हणे, “अहो, भात निवतोय. आणि निम्मं तरी खरं सांगत जा.” लेक मात्र हात वाळले तरी ताटावरून उठत नसे.

ती आठ वर्षांची असताना त्याने एक वाक्य आणलं. विरोधी बाकांवर एक तरणा सदस्य होता, त्याला वाघोबा म्हणत. त्या दिवशी तो बाकावर चढून गरजला होता, “जे सरकार आपल्याच माणसांना घाबरतं, त्याला खुर्चीवरून ओढून काढणं हा गुन्हा नाही, घरकाम आहे.” लेकीने ते पाठच करून टाकलं. केर काढतानासुद्धा म्हणायची.

पुढे वाघोबा सरकारचा प्रमुख झाला आणि लेक सरकारी इस्पितळात रक्त तपासायला लागली. तिथे सहा महिने हातमोजे आले नाहीत. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण रक्तातून लागलेल्या काविळीने गेली. फाटकापाशी सभा भरली. लेक स्टुलावर चढली आणि तिला येत होतं ते एकमेव भाषण तिने केलं. एका वाक्याचं. कुणीतरी ते फोनवर टिपलं. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. लोकांना चिथावणी दिली, असा गुन्हा.

त्याच आठवड्यात वाघोबा एका परिषदेत म्हणाला, की टीका हा लोकशाहीचा श्वास आहे. वर्तमानपत्राने दोन्ही बातम्या एकाच पानावर छापल्या, पण मध्ये गाद्यांची जाहिरात होती, त्यामुळे त्यांची गाठ काही पडली नाही.

लेकीची वकीलबाई हुशार होती. म्हणाली, “काका, हे वाक्य आधी त्यांनीच म्हटलंय, हे छापील दाखवता आलं ना, तर खटल्यातली हवाच जाईल. तेव्हा देश पेटला नाही, मग आता कसा पेटेल, एवढंच मी विचारणार.”

“दाखवतो की. माझ्याच हातचं आहे. तारीखसुद्धा सांगतो.”

“नक्की ना?”

“बाई, सकाळी काय जेवलो ते विसरेन. उतरवून घेतलेलं विसरायचा नाही.”

दोघं सभागृहाच्या ग्रंथालयात गेले. जाडजूड खंड निघाला, पान निघालं. वाघोबाच्या नावापुढे छापलं होतं, ‘शासनाने जनतेच्या भावनांची दखल घेऊन योग्य तो विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.’ खाली सही. टिपकागदची.

वकीलबाईने ती सही दोनदा वाचली. तो खाली बसला. आता आठवलं. तेव्हाचं सरकार खुनशी होतं. पोरगं नवं आहे, उगाच सदस्यत्व गमावून बसेल, म्हणून त्याला दया आली होती. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाघोबाने प्रत वाचली आणि हसून म्हणाला, “मी एवढा सभ्य आहे होय? राहू द्या, राहू द्या.” मूळ वह्या तीन वर्षांनी नष्ट करायचा नियम होता. त्याने तो काटेकोर पाळला होता.

तरीही तो साक्षीला उभा राहिला.

“आजोबा, ही सही तुमची?” सरकारी वकिलाने विचारलं.

“माझी.”

“खरे व अचूक आहे, असं वर लिहिलंय.”

“लिहिलंय.”

“मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?”

“तेव्हा लिहिलं.”

“एकतीस वर्षांत असं किती वेळा केलंत?”

“रोज.”

कोर्टात हशा पिकला. सभागृहातसुद्धा कुणाला कधी एवढा हशा मिळाला नव्हता. मग वाघोबाच्या कार्यालयाचं पत्र वाचलं गेलं, ‘साहेबांना असे काही बोलल्याचे स्मरत नाही. कृपया अधिकृत कार्यवृत्त पाहावे.’ न्यायाधीश भला माणूस होता. तो हळू आवाजात म्हणाला, की सरकारी कागदापुढे बापाच्या मायेला पुरावा धरता येत नाही. लेकीला दोन वर्षं. नोकरी तर आधीच गेली होती.

तिला नेण्याआधी बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं मिळाली. शिपाईबाई जरा बाजूला होऊन उभी राहिली. लेकीने घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं, आईचा रक्तदाब तपासत जा म्हणाली. मग थोडी घुटमळली.

“बाबा, रागावू नका. पण ते वाक्य त्यांनी खरंच म्हटलं होतं ना? की तुमचं होतं ते?”

त्याला तो बाक दिसत होता, वाघोबाचं वर गेलेलं बोट दिसत होतं. अध्यक्षांची घंटा त्याच्या कानात वाजत होती. हे सगळं रंगवून सांगायला त्याची जीभ सवयीने सरसावली. त्याने ती आवरली.

“त्यांनीच म्हटलं होतं गं,” तो म्हणाला.

तिने बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली, आणि शिपाईबाईबरोबर निघाली.