पाचवी माती

आक्काचं डोकं कधीपासूनच तापलेलं होतं. का नाही तापणार? बारा वर्षं रोपवाटिकेच्या मागच्या खड्ड्यात पालापाचोळा कुजवून ती माती तयार करत होती. आणि मालकांचे जावईबापू म्हणत होते, खड्डा बुजवू, तिथे गाड्या लावायची सोय करू, माती काय पिशवीतून विकत मिळते! स्वतःच्या नखात कधी माती गेली नाही आणि निघाले अक्कल शिकवायला. त्यात काल दिवसभर त्यांनी तिला पुढच्या दुकानातच राबवलं, मागे फिरकूही दिलं नाही.

मालकांनी मात्र सरळ तोडगा काढला होता. काळी माती, लाल माती, पिशवीतली आणि आक्काची, अशा चार कुंड्या. टोमॅटोची सारखी रोपं, पाणी मापाने. चाळीस दिवसांनी आक्काचं रोप सरस ठरलं, तर खड्डा राहणार.

आज चाळिसावा दिवस. पिशवीतल्या मातीतलं रोप सगळ्यांत उंच होतं. जावईबापूंची कळी खुलली.

"बघा बाबा!"

"उंची काय मोजताय? मुळं बघा!" आक्का कडाडली आणि तिने एकेक कुंडी पालथी केली.

काळ्या मातीचा चिखल झाला होता, मुळं कुजायला लागली होती. लाल माती भुरभुर सांडली. पिशवीतल्या उंच रोपाला मुळं चिमूटभर. आक्काच्या रोपाची पांढरीशुभ्र मुळं मात्र कुंडीभर पसरली होती. मालकांनी तिची माती मुठीत दाबली, वास घेतला.

"जिंकलीस आक्का. खड्डा राहील."

जावईबापू चुळबुळले. "बाबा, ते... खड्डा काल भरून घेतला. आज वर काँक्रीट टाकतायत. मला वाटलं, निकाल ठरल्यातच जमा आहे."

आक्का हातातल्या रोपासकट मागे धावली. खड्ड्याच्या जागी ओलं काँक्रीट पसरलं होतं आणि एक माणूस ते थापीने सपाट करत होता. मालकांनी डोक्याला हात लावला. आक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे चाळीस दिवस तिला नुसतं खेळवलं होतं!

ती खाली बसली आणि ते जिंकलेलं रोप तिने मनगटापर्यंत हात घालून काँक्रीटमध्ये खुपसलं.

"ही पाचवी माती, जावईबापू," ती म्हणाली. "आता पाणी तुम्ही घाला. चाळीस दिवसांनी मला मुळं बघायला बोलवा."