छत्तीस कंबर

मास्तर आणि मामी दोघं मिळून शिलाईचं दुकान चालवत. मामींनी टेप लावून आकडा बोलायचा, मास्तरांनी मान वर न करता तो वहीत लिहायचा आणि कापड बेतायचं. तीस वर्षांत मास्तरांनी बायकोने घेतलेलं माप एकदाही ताडून पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाने शंका काढली, की म्हणायचे, "आकडा हिचा आहे. चुकलं असेल तर तुमचं पोट चुकलं असेल."

अशा बाईने खुद्द नवऱ्याच्या मापात थाप मारावी, आणि तीही साडेतीन इंचांची.

मास्तरांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. शौचाची वाट पोटावर काढलेली, तिथे कायमची पिशवी. पट्टा काचायचा, म्हणून ते पँट खांद्यांवरून तोलून धरणारे गॅलिस लावायला लागले. पँटी स्वतःच शिवायचे आणि दर तीन महिन्यांनी मामी त्यांची कंबर मोजायच्या. छत्तीस ऐकलं की स्वारी खुशीत. "बघ, जागच्या जागी आहे."

गेल्या वर्षी एका सकाळी टेप पस्तिसावर आली. मास्तर पेन्सिल धरून थांबलेले. मामींच्या तोंडून निघून गेलं, "छत्तीस." म्हटलं, चार घास जास्त खाऊ घालू, पुढच्या वेळी भरून येईल. कसलं काय. पुढच्या वेळी चौतीस, मग तेहतीस, मग साडेबत्तीस. मामी आपल्या छत्तीसच बोलत राहिल्या. गॅलिस होते म्हणून पँट खाली येत नव्हती एवढंच.

खरा घोटाळा दवाखान्यातल्या फेरतपासणीच्या तारखेला झाला. मास्तर म्हणाले, "कशाला उगाच खेटे घालायचे? माप तेच आहे. आजारी माणूस असा असतो का?" आता तोंड उघडावं तर आपलंच खोटं बाहेर पडणार. खरं सांगायचं तर नको ते ऐकायची मामींनाही हिंमत नव्हती. ती तारीख गेली ती गेलीच.

मग मास्तर उभ्याने कामं करायला लागले. बसून कंटाळा येतो म्हणे. मशीन मामींकडे आलं. एका दुपारी कोटाची बाही जोडायला म्हणून बसले आणि अर्ध्या शिवणीतच टेबल धरून उठले. ओठ पांढरे पडले होते.

मामींनी कात्री खाली ठेवली. "उद्या दवाखान्यात जायचं."

"आणि कोट?"

"कोट गेला खड्ड्यात."

स्कॅन झाले, रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "जुन्या जागीच परत आलाय. माकडहाडाला लागून आहे, म्हणून बसताना दुखतं. वजन कधीपासून उतरतंय?"

"उतरलंय कुठे?" मास्तर म्हणाले. "कंबर छत्तीस आहे. आमच्या हिने मोजलीय."

मामींना बसल्या जागी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "साडेबत्तीस आहे," त्या म्हणाल्या. "वर्षभर मी खोटं सांगत होते. आधी आलो असतो तर?"

"लहान असताना सापडला असता कदाचित. खात्रीने नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "आता आधी औषधं आणि रेडिएशन. मग परत ऑपरेशन करता येतं का, ते बघू."

दोघांनी परत येऊन दुकान उघडलं. आत आल्यावर मामींचा बांध फुटला. "मी घात केला तुमचा."

"वेडी आहेस का? चाळीस वर्षं कापड बेततोय मी. स्वतःच्या पँटीत अख्खी मूठ जाते, हे मला कळत नाही?" मास्तर वहीकडे बघत म्हणाले. "तू छत्तीस म्हणायचीस आणि माझं दवाखान्यात जाणं टळायचं. तुझं खोटं माझ्या सोयीचं होतं गं. घाबरलो होतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली असतीस, तर बोललो असतो."

मामींना रागही आला आणि रडूही आलं. कोणाला दोष द्यायचा?

मग मास्तरांनी राखाडी कापडाचा तागा ओढला. "महिनाभर रेडिएशनला जायचंय. ढगळ पँटीत गेलो तर धंद्याची अब्रू जाईल. लाव टेप."

मामींनी टेप लावली. डोळ्यांतल्या पाण्यामुळे आकडा धड दिसेना. मास्तरांनी तीस वर्षांत पहिल्यांदा मान वाकवून स्वतः टेप बघितली.

"साडेबत्तीस," मामी म्हणाल्या.

"साडेबत्तीस," ते म्हणाले, आणि लिहिलं.

कापताना मागच्या शिवणीत ते नेहमी इंचभर कापड जास्तीचं सोडत. आज खडूची रेघ बरीच लांब गेली. मामींनी टेप लावून बघितलं. साडेतीन इंच.

"एवढं?"

"भरलो, तर उसवून घेता येईल."

"आणि नाही भरलात तर?"

मास्तरांनी कात्री चालवली. "तर राहील आत."

मामींनी डोळे पुसले, दोरा ओवला आणि मशीनवर बसल्या.