दोन बिस्किटं

"कितवा महिना चालू आहे?" विमानतळावरच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"सातवा," सूनबाई म्हणाली.

आबांनी नजर फरशीकडे वळवली. नववा लागून आठवडा झाला होता आणि ते पोट पाहून कुणीही तसं सांगितलं असतं. मुलीनं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. मग साहेब आले, त्यांनी नियम वाचून दाखवला, सूनबाई रडली, साहेबांनी तोच नियम पुन्हा जरा हळू आवाजात वाचून दाखवला. शेवटी ठरलं ते असं, की सूनबाई इथंच राहणार आणि दीड वर्षाची ठकू आजोबांच्या मांडीवर बसून जाणार. आजोबांनी आजवर विमान पाहिलं होतं ते खालून.

पहाटे लांबच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून फोन आला होता. ठकूसाठी लिव्हर मिळालं होतं. अकराच्या आत पोचा, आणि तोवर मुलीच्या पोटात काही जाता कामा नये, दूध नाही, पाण्याचा थेंबही नाही. ज्या फोनसाठी सात महिने घर झोपलं नव्हतं तो आला, तेव्हा ठकूचा बाप ट्रक घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर होता. दैव देतं तेव्हा हात रिकामे आहेत का हे बघून देत नाही.

सूनबाईनं ठकूची टोपी भुवयांपर्यंत ओढली. "आबा, नीट ऐका. ही आजारी आहे हे कुणालाही सांगू नका. माझ्याकडे चिठ्ठी मागितली तशी हिच्याकडेही मागतील. पिवळे डोळे दिसले की खाली उतरवतील."

"आणि रडली तर?"

"रडू दे. पण काही देऊ नका. दुधाची पावडर आणि बाटली पिशवीत आहे, ती नंतरसाठी. वचन द्या मला."

"दिलं," आबा म्हणाले.

आबा म्हणजे शहर बसचे निवृत्त कंडक्टर. डेपोत त्यांना सगळे 'सरका' म्हणत, कारण एकतीस वर्षं त्यांनी दिवसाकाठी हजार वेळा 'पुढे सरका, जागा आहे' असं सांगितलं होतं. जागा नसतानाही सांगितलं होतं. गाडीत चढलं की उतारूनं उतारूसारखं वागावं, असा त्यांचा बाणा. कोपर आवरावं, पिशवी मांडीवर घ्यावी, रडकं पोर गप्प करावं. पोर रडायला लागलं की घंटीची दोरी सोडून आबा त्या आईपाशी जात आणि म्हणत, "बाई, त्याच्या तोंडात काहीतरी द्या की." आई काहीतरी देई, पोर गप्प होई. जगातल्या सगळ्या पोरांवर हा एकच इलाज आहे, अशी आबांची पक्की समजूत होती.

विमानात मधली खुर्ची मिळाली. खिडकीशी कॉम्प्युटर उघडून बसलेला तरुण, वाटेच्या बाजूला कोटवाले गृहस्थ. विमान उडेपर्यंत ठकू पंखाच्या दिव्याकडे बघून "भुर्र, भुर्र" करत होती. मग कान दडपले आणि भूक आठवली, दोन्ही एकदमच.

"मम्मं," ती म्हणाली.

आबांनी तिला खांद्यावर घेतलं. ती पिशवीकडे झेपावली. पिशवीत बाटली आहे हे तिला माहीत होतं. त्या बाबतीत तिला फसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मग तिनं जो टाहो फोडला, तो पार वैमानिकापर्यंत गेला असावा.

गणवेशातली मुलगी आली. "आजोबा, बाटली द्या ना तिला. चोखलं की कान मोकळे होतात."

"आत्ताच प्यायलीय ती," आबा म्हणाले.

"मग थोडा ज्यूस आणू?"

"नको. बाधतो तिला."

ती गेली. कोटवाल्यांनी घड्याळ पाहिलं. "लहान मुलं घेऊन निघायचं तर माणसानं तयारीनं निघावं. बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

"खरं आहे साहेब," आबा म्हणाले. त्यांना ते मनापासून पटलं होतं, आणि तेच जास्त लागलं.

त्यांनी करंगळी पुसून तिच्या तोंडात दिली. ठकूनं ती दोनदा चोखली, फसवणूक ओळखली आणि कडकडून चावली. मग आबांनी शेवटचा उपाय काढला. घरी ठकूला झोपवायला ते आपल्या जुन्या मार्गाचे थांबे म्हणत. तिच्या कानाशी तोंड नेऊन ते सुरू झाले, "पाण्याची टाकी... शाळा नंबर चार... दवाखाना... बाजार... गिरणी... पुढे सरका, जागा आहे..." तीनदा गाडी डेपोत गेली आणि परत निघाली. ठकू रडतच होती, फक्त आवाज बसला होता. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "काळीज आहे का दगड या म्हातार्‍याचं?"

सांगून टाकावं, असं आबांना वाटलं. उभं राहून सगळ्या विमानाला ओरडून सांगावं. पण गणवेशातली मुलगी चार रांगांवर उभी होती आणि सूनबाईचं रडवेलं तोंड डोळ्यांसमोर होतं. विमान हवेतून परत फिरवता येतं की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ठकूला दुसर्‍या खांद्यावर घेतलं.

पाचव्या फेरीत शाळा नंबर चारच्या आसपास ठकू शांत झाली. खांद्यावर तिचं डोकं टेकलं. खिडकीशेजारचा तरुण हसून म्हणाला, "झोपली वाटतं." आबांचा सगळा जीव त्या शांततेत विरघळला. पहाटेपासून उघडे असलेले डोळे त्यांनी मिटले, मिनिटभरच.

जाग आली ती कानाशी होणार्‍या बारीक आवाजानं. कुरुम, कुरुम.

ठकू त्यांच्या खांद्यावरून मागच्या खुर्चीकडे तोंड करून उभी होती आणि मन लावून खात होती. गालांवर अश्रू सुकले होते, हनुवटीवर ओला भुगा होता. दोन खुर्च्यांच्या फटीतून एक म्हातारी बाई तिच्याकडे कौतुकानं बघत होती.

आबांनी ठकूच्या तोंडात बोट घातलं. जे हाताला लागलं ते ओरबाडून काढलं. ठकू किंचाळली, कोटवाले उठून उभे राहिले. "अहो, काय करताय? मारता का तिला?"

"किती दिलीत?" आबांनी मागे वळून विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

बाई घाबरल्या. "दोनच बिस्किटं हो. किती वेळची रडत होती बिचारी. लेकरू उपाशी आहे हे दिसत नाही का तुम्हाला?"

समोरची फळी उघडून आबांनी तोंडातून काढलेला लगदा आणि ठकूच्या मुठीतला तुकडा तिच्यावर ठेवला आणि बोटानं जुळवून पाहिला. कितीही जुळवलं तरी अर्ध्या बिस्किटापलीकडे काही जमेना. दीड बिस्किट आत गेलं होतं. त्यांनी ते अर्धं रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. साडेनऊ वाजले होते.

दवाखान्याच्या तिसर्‍या मजल्यावर बाकावर एक तरुण बाई तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याचेही डोळे पिवळे होते आणि तोही कण्हत होता.

"काका, तुमचीही पहाटेपासून उपाशीच का?" तिनं विचारलं. "आम्ही दुसरे. पहिल्याचं काही अडलं तर म्हणून बोलावून ठेवतात. तुमची आत गेली की आम्ही घरी." ती हे इतकं साधेपणानं बोलली, की आबांना तिच्याकडे बघवेना.

नर्स कागद घेऊन आली. "शेवटचं खाणं-पिणं कधी झालं?"

दीड बिस्किट. कुणी पाहिलं होतं? विमानातली माणसं आपापल्या घरी गेली होती. आबांनी ठकूकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं.

तिथंच ते अडकले. एकतीस वर्षं हेच तर त्यांनी पाहिलं होतं. अर्धं तिकीट चुकवणारी आई पोराचं वय सांगण्याआधी एकदा पोराकडे बघते आणि मग खिडकीबाहेर बघून "तीनसुद्धा पुरी नाहीत" म्हणते. पोर मागून म्हणतं, "मला पाच झाली." गाडी हसते, आबाही हसत. नेमका तोच चेहरा आता आपल्या मानेवर बसला आहे हे त्यांना आरशाशिवाय कळलं.

आणि मुळात काही देऊ नका असं सांगितलं होतं ते कशासाठी, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं. काहीतरी कारण असणारच, एवढं मात्र त्यांना समजत होतं. नियम कशासाठी आहे हे उतारूला कुठं माहीत असतं?

त्यांनी रुमाल काढून टेबलावर उलगडला. "बिस्किटं दिली कुणीतरी. माझा डोळा लागला होता. दीड गेलंय. साडेनऊला."

नर्स डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी रुमालाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून आबांसमोर बसले.

"बाबा, भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर मूल टेबलावरच जातं. हिला आता सहा तास थांबवावं लागेल. आणि आलेलं लिव्हर काल रात्रीचं आहे, ते तेवढं थांबणार नाही."

"मग?"

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत."

"मग पुन्हा कधी, डॉक्टर?"

"यादीत तिचं नाव पहिलंच राहील."

"पण कधी?"

डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दहा मिनिटांत बाकावरच्या मुलाला गाडीवर झोपवलं. त्याची आई दाराशी येऊन थांबली. तिला सगळं कळलं होतं. तिनं आबांकडे पाहिलं, आणि आनंद झाल्याची लाज वाटून तिचे पाय तिथंच अडखळले.

"पुढे सरका बाई," आबा म्हणाले. "थांबू नका."

दार मिटलं. ठकूनं पिशवीत हात घालून बाटली बाहेर काढली होती आणि ती रिकामी असल्याचं आबांना दाखवत होती.

नर्स कोमट पाणी घेऊन आली. "आजोबा, आता दूध द्यायला हरकत नाही तिला."

आबांनी पावडर घातली, बाटली हलवली, दोन थेंब मनगटावर टाकून पाहिले. ठकूनं दोन्ही हातांनी बाटली ओढून घेतली आणि डोळे मिटून प्यायला लागली. सकाळपासून ती पहिल्यांदाच सुखात होती.

खिशातला फोन वाजायला लागला. सूनबाईचा होता. ठकूचं पिऊन होईपर्यंत त्यांनी तो वाजू दिला.