शनीचं कडं आणि कापसाचा बोळा

मी एक जुनी दुर्बीण आहे मित्रांनो, आणि सुरुवातीलाच कबूल करते, माझ्या खोक्यावर छापलेलं सगळं खरं नव्हतं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘पाचशे पंचवीस पट मोठं दिसेल!’ शेजारी शनीचं हे एवढं मोठं रंगीत चित्र. मी कुठली तशी! माझं पुढचं भिंग सत्तर मिलिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. तेवढ्या भिंगातून जेवढा उजेड आत येतो, त्यात फार तर सव्वाशे-दीडशे पट नीट दिसतं. त्यापुढे नुसता धुरकट गोळा. पण खोकं माझं ऐकतं थोडंच!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका बाईनं भिंग नळीत बसवलं, फुंकर मारली आणि टोपण लावलं, एवढंच. पुढचं वर्षभर मी मलकापूरच्या एका दुकानात फळीवर पडून होते. एका बाजूला रिमोटच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला कॅरम. येणारी पोरं मला उलट्या बाजूनं डोळ्याला लावायची आणि खिदळायची. मला भारी राग यायचा.

एके दिवशी छाया आली. मोताळ्याजवळच्या एका गावची ही मुलगी, मलकापूरला कॉलेजात होती, रोज एसटीनं ये-जा करायची. दुकानदारानं तिच्यापुढे दोन दुर्बिणी ठेवल्या. एक माझ्याहून रुंद भिंगाची, मजबूत पायांची, पण खोक्यावर आकडा लहान. दुसरी मी.

“ताई, तिच्यात शंभरच पट. हिच्यात पाचशे पंचवीस!” दुकानदार म्हणाला.

छायानं मला उचललं. मित्रांनो, ही तिची पहिली चूक. दुर्बीण घेताना भिंगाची रुंदी विचारायची, पाय हलवून पाहायचे. पट नंतर. पण घाईत माणूस मोठ्या आकड्याला भुलतो, आणि छायाला घाई होती.

ती घाई तिच्या वडिलांसाठी होती. कडूबा त्यांचं नाव. चाळीस वर्षं त्यांनी शेतात जागल केली, रानडुकरं आणि रोही हाकलले. घड्याळ नव्हतं. तिकांडं, म्हणजे मृगातले ते ओळीतले तीन तारे, किती वर आलं त्यावरून ते वेळ सांगायचे. आता काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि डाव्याची नजर कडेकडेनं आत आकसत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी राखायची. एकदा जेवताना ते सहज बोलून गेले, “शनीले कडं असते म्हनतात. जन्मभर त्याले तेल वाह्यलं म्या, पन कडं काही पाह्यलं नाही.” छायानं तेव्हाच दुर्बीण घ्यायचं ठरवलं. यंदा शनी संध्याकाळी चांगला वर होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार होता, पण डोळ्याचा भरवसा कोण देणार?

पहिल्याच संध्याकाळी तिनं मला स्लॅबवर उभं केलं. खोक्यात आलेले माझे पाय म्हणजे काय सांगू! अॅल्युमिनियमच्या पोकळ काड्या. वाऱ्याची झुळूक आली की मी लटलट कापायचे. त्यात छायानं सगळ्यात बारीक आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं छोटं भिंग लावलं, वर तिप्पट करणारी नळी जोडली. पाचशे पंचवीस पट हवं ना! शनी आला, थरथरला आणि पळाला. तिनं परत धरला, परत पळाला.

“बाबा, या लवकर! पाहा!”

कडूबा वाकले, गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी डावा डोळा लावला. तो डोळा आयपीसवर आलाच नाही, बोटभर बाजूला राहिला. त्यांना नुसता काळोख दिसत होता. मला ते कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

“काय दिसते बाबा?”

“दिसलं दिसलं. मस्त हाये वं.”

पोरीचं मन राखायला माणूस खोटं बोलला. छायाही भोळी नव्हती, तिनं ओळखलं. त्या संध्याकाळी मला माझी फार लाज वाटली.

त्यानंतरचे आठ दिवस ढग होते. मी कोपऱ्यात उभी. रोज सकाळी छाया एसटीला गेली की कडूबा माझ्याजवळ यायचे. त्यांना वाटलं, आपल्याला काही दिसलं नाही म्हणजे भिंगावर धूळ असेल. घरात कापसाचा ढीग पडलेला. त्यातला पांढराधोप, देवाच्या वातींसाठी बाजूला काढलेला कापूस ते घ्यायचे आणि माझं भिंग पुसायचे. हळू नाही हं, चांगलं दाबून. “देवाच्या दिव्याले चालते, तुले काऊन नाही चालनार?” असं मला विचारायचे. कापूस पिकवणाऱ्या माणसाला कापसाहून मऊ आणि चोख दुसरं काय वाटणार? पण रानातून आलेल्या कापसात वाळल्या पाल्याचा चुरा असतो, मातीचे कण असतात. प्रत्येक बोळ्यासरशी माझ्या काचेवर ओरखडा उठत होता. इतक्या मायेनं मला कुणी कधी हात लावला नव्हता, आणि इतकं दुखवलंही नव्हतं.

ढग सरले तशी छायानं टोपण काढलं आणि ओरडलीच. “हे कोनं पुसलं?”

कडूबा उंबऱ्यात उभे होते. “म्या पुसलं. कापसानं. रोज.”

छायानं टोपण परत लावलं. रागावली असती तर बरं झालं असतं. कडूबा खाली बसले. “तू माह्यासाठी आनली, अन् म्याच तिचे डोये फोडले,” एवढंच म्हणाले. त्यानंतर ते स्लॅबवर येईनात. बोलावलं तरी “गुडघे दुखून राह्यले” म्हणायचे.

आता दुसरी दुर्बीण घ्यायची आणि मला काढून टाकायचं, असं ठरवून, नवी कुठली घ्यावी ते विचारायला छाया मला कॉलेजात घेऊन गेली. तिथे भौतिकशास्त्राचे प्रेमानंद सर होते. सरांनी माझ्या काचेत पाहिलं, बॅटरी मारली. मी जीव मुठीत धरून होते.

“ओरखडे आहेत,” सर म्हणाले. “पण असल्या ओरखड्यांनी थोडा उजेड पसरतो, शनी काही पुसला जात नाही. तू भिंगाला दोष देऊन राह्यली, अन् खोट पायात आहे.”

“मंग नवी नको घेऊ सर?”

“पाय बदल. दहा मिलिमीटरचं एक चांगलं आयपीस घे. हे तिप्पट करणारं झेंगट खोक्यात टाक. सत्तर पट पुष्कळ झाले. आणि वडिलांना बसून पाहता येईल एवढ्या उंचीवर लाव. वाकून काय दिसणार त्यांना?”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. विकायला काढलेल्या बैलाला कुणीतरी नवी नाल ठोकून द्यावी, तसं मला वाटलं.

मोताळ्याच्या वेल्डरनं लोखंडी पाइपाची ठेंगणी तिपाई करून दिली. मधोमध छायानं रेती भरलेलं खताचं पोतं लटकवलं. आता मला हलवायला बैलजोडीच लागली असती. दिवाळी होऊन गेली होती. दिवे लागायच्या वेळी तिनं स्लॅबवर बाज टाकली आणि खाली जाऊन वडिलांचा हात धरला.

“मी नाही येत. हात लागून अजून काही बिघडन.”

“हात नका लावू. बसा फक्त. माह्यासाठी या.”

कडूबा आले. बाजेवर बसले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. छायानं त्यांचं डोकं हलकेच धरून डावा डोळा आयपीसवर आणला. त्यांची नजर आता नळीतून पाहिल्यागत मधली तेवढीच उरली होती, आणि मला तेवढीच हवी होती. मी अजिबात हलले नाही. शनी मधोमध होता.

ते पाहतच राहिले. ‘दिसलं’ म्हणाले नाहीत. छायाचा चेहरा उतरायला लागला.

मग कडूबा म्हणाले, “छाये, त्याचं कडं तिरपं हाये वं! टोपी वाकडी केल्यावानी.”

कडं तिरपं आहे हे छायानं त्यांना सांगितलंच नव्हतं. ती बाजेवर त्यांच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. कडूबांनी डोळा काढला नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “म्या खरवडली तेच काच हाये का हे?”

“हाव बाबा, तेच.”

“मंग बरं हाये,” ते म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कडूबांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण आभाळ मोकळं असलं की संध्याकाळी ते बाजेवर येऊन बसतात आणि गल्लीतली पोरं माझ्यापुढे रांग लावतात. एखादं पोर घाईघाईनं म्हणतं, “दिसलं आजोबा, दिसलं!” मग कडूबा विचारतात, “कोन्या बाजूनं तिरपं हाये, सांग बरं?” पोर चाचरतं. कडूबा हसतात. “लबाड! म्या बी असंच म्हनलं होतं. बस पुन्हा.”

मित्रांनो, माझ्या काचेला कापूस लावू नका, धूळ असली तर आधी हवेनं उडवा, आणि कुणाची काळजी घ्यायची तर कशी घ्यायची ते आधी विचारा. आणि माझ्यातून काही दिसलं नाही, तर दिसलं नाही म्हणा. बाजेवर जागा आहे, पुन्हा बसा.